विजयदुर्ग, हेलियम आणि माझे दहा गुण

आपल्या मंडळाच्या एका गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा घेण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. 'ओळखा पाहू आपला महाराष्ट्र' असा विषय. शेवटच्या फेरीत मी विचारलं, "महाराष्ट्रातल्या कोणत्या किल्ल्यावरून १८६८ साली हेलियम वायूचा शोध लागला?" एका संघाने क्षणात 'विजयदुर्ग' म्हणून उत्तर दिलं. दहा गुण! निम्मं सभागृह कोकणातलं असल्यामुळे टाळ्याही जोरात पडल्या आणि त्या दहा गुणांवर तो संघ जिंकला.

नंतर प्रसादाच्या रांगेत एक काकू भेटल्या. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. तिकडे शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. हातात मोदकाची वाटी धरून त्यांनी शांतपणे विचारलं, "अरे, लॉकयर १८६८ साली विजयदुर्गात होता, हे तू कशावरून म्हणतोस?" मी म्हटलं, "काकू, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं." त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "साल बघ. दोन वेगवेगळी ग्रहणं आहेत ती."

मला जरा जास्तच लागलं, कारण हा विषय माझ्यासाठी अगदी परका नाही. आज मी आयटी कन्सल्टंट म्हणून कंपन्यांच्या सर्व्हरची दुखणी बघत असलो, तरी वीस वर्षांपूर्वी परदेशात एम. एस. करताना माझा विषय होता अतिवेगाने वाहणाऱ्या वायूचं तापमान आणि वेग लेझरने मोजणं. हेलियमचा शोध हे त्याच विद्येचं मूळ. म्हणजे आपल्याच आजोबांचं नाव चुकीचं सांगावं तसं झालं! घरी येऊन शोधाशोध सुरू केली आणि त्यातून जे हाती लागलं, ते या अंकासाठी लिहितो आहे. लेख म्हणा, दुरुस्ती म्हणा.

तर, १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली हिंदुस्थानातून पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन गुंटूरला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल हे इंग्रज अधिकारी होते जमखंडीला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. ऑगस्टचे पावसाळी ढग, त्यांच्या फटीतून दिसेल तेवढं ग्रहण, आणि हातात नवीनच साधन: स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणारं यंत्र. झाकलेल्या सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्यांचा प्रकाश या यंत्रातून पाहिला तेव्हा सलग इंद्रधनुष्य न दिसता सुट्या चकचकीत रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाला तापलेल्या वायूच्या होत्या. जान्सेनना या रेषा इतक्या तेजस्वी वाटल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्यांच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या पाहूनही दाखवल्या.

नॉर्मन लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाशिवाय हे वेध घेण्याची युक्ती त्यांनाही स्वतंत्रपणे सुचली होती आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ती साधली. पिवळ्या रंगातली एक रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या धन्याचं नाव पडलं 'हेलियम'. पृथ्वीवर हा वायू सापडायला १८९५ साल उजाडावं लागलं. तो विल्यम रॅम्झी यांना एका खनिजात मिळाला.

मग विजयदुर्ग? लॉकयर विजयदुर्गावर आले, हे अगदी खरं आहे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. 'मेलपोमीनी' या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांना त्यांनी दुर्बिणी, कॅमेरे आणि घड्याळं सांभाळायला शिकवलं आणि किल्ल्यावर तात्पुरती वेधशाळाच उभी केली. आजही तिथले ओटे-कट्टे साहेबाच्या नावाने ओळखले जातात. लोकांच्या आठवणीत 'लॉकयर', 'ग्रहण', 'हेलियम' आणि 'विजयदुर्ग' हे चारही शब्द शिल्लक राहिले, मधली तीस वर्षं तेवढी गळून पडली. दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियमचा दिवस साजरा होतो, तो या गळतीतूनच.

वाचून वाईट वाटलं. आपल्या मुलुखातला एक मोठा शोध हातातून निसटला म्हणून. पण काकूंचं ऐकून '१८९८' या सालाच्या मागे गेलो, तेव्हा वाटलं की आपण नको ती गोष्ट सांगत होतो. खरी गोष्ट कितीतरी मोठी आहे.

१८९८ च्या जानेवारीत महाराष्ट्राची अवस्था आठवून बघा. प्लेगने पुणं उजाड केलेलं. आदल्या जूनमध्ये रँडचा वध झालेला. 'ओरायन' लिहून वेदांचा काळ ताऱ्यांवरून ठरवू पाहणारे लोकमान्य टिळक त्या ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होते. आणि अशा महाराष्ट्रावरून चंद्राची सावली कोकण किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत तिरपी गेली. सावलीच्या वाटेवर विजयदुर्गला लॉकयर. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. विदर्भातल्या तळणीला ब्रिटिश खगोल संघटनेची मंडळी आणि त्यांच्यात जॉन एव्हरशेड नावाचे हौशी निरीक्षक. आणि जेऊरलाच आणखी एक तुकडी होती, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

नायगमवाला हे नाव मी स्वतः तोवर कधी ऐकलं नव्हतं. भावनगरच्या महाराजांनी दिलेली देणगी आणि मुंबई सरकारने घातलेली भर यांतून त्यांनी पुण्यात कॉलेजच्या आवारात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. मुख्य काम वर्णपटांचं, म्हणजे प्रकाशाच्या रेषा वाचण्याचं. जेऊरच्या ग्रहणावरचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली पुण्याच्या वेधशाळेच्या नावाने छापला गेला.

या रेषांमध्ये एवढं काय वाचायचं असतं, ते थोडक्यात सांगतो. आगगाडी शिट्टी वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली हे गणितात मांडलं. प्रकाशाचंही तसंच. वायू आपल्याकडे येत असेल तर त्याची रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. किती सरकली यावरून वेग कळतो.

आणि तापमान? दादर स्टेशनचा पूल आठवा. संध्याकाळी सगळी गर्दी एका दिशेने सरकत असते, तो झाला वायूचा वेग. पण त्याच गर्दीत प्रत्येक जण इकडेतिकडे धक्केही खात असतो. ही धक्काबुक्की म्हणजे तापमान. काही अणू आपल्याकडे उडतात, काही दूर, त्यामुळे रेषा दोन्ही बाजूंना पसरते. वायू जितका गरम तितकी रेषा रुंद. म्हणजे रेषा सरकली तर वेग, पसरली तर तापमान. त्यात १९२० साली मेघनाद साहा यांनी कलकत्त्याहून आणखी एक किल्ली दिली: कोणत्या रेषा ठळक आणि कोणत्या फिक्या, यावरून ताऱ्यांतल्या वायूचं तापमान काढण्याची.

या पद्धतीतली गंमत अशी की वायूला हात लावावा लागत नाही. सूर्याच्या बाबतीत दुसरा इलाजच नव्हता. पण पुढे पृथ्वीवरही तीच वेळ आली. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या हवेत थर्मामीटर धरला, तर हवा त्याच्यावर आपटून थांबते आणि थांबताना तापते. समजा उणे ५३ अंशांची गार हवा ध्वनीच्या तिप्पट वेगाने वाहते आहे. तिच्यात धरलेला थर्मामीटर सव्वातीनशे अंशांच्याही वरचं तापमान दाखवेल! खोटं नाही, पण ते हवेचं तापमान नव्हे. ते थर्मामीटरने स्वतः उभ्या केलेल्या अडथळ्याचं तापमान. कॉन्कॉर्ड विमान बर्फासारख्या हवेतून उडायचं, तरी त्याचं नाक १२७ अंशांपर्यंत तापायचं, ते याच कारणाने. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून स्क्रॅमजेट इंजिनाची चाचणी घेतली. ते ध्वनीच्या सुमारे सहापट वेगात पाच सेकंद चाललं. अशा इंजिनांच्या आत ज्वाळा कशी टिकते, हे समजून घ्यायचं तर तिथे काही न खुपसता मोजायला हवं.

मग सूर्याची युक्ती सरळ इथे का नाही वापरायची? अडचण आकड्यांची आहे. सूर्यावरच्या ज्वालांचे वेग सेकंदाला शंभर किलोमीटरच्याही वर जातात. प्रकाशाचा वेग तीन लाख किलोमीटर. म्हणजे रेषा तीन हजारांत एक भाग सरकते आणि चांगल्या स्पेक्ट्रोस्कोपला ती सरकलेली दिसते. इंजिनातला वायू मात्र सेकंदाला एखाद-दोन किलोमीटरच जातो. म्हणजे रेषा सरकणार तीन लाखांत एक भाग! एवढा बारीक फरक मोजायला तितकाच बारीक, एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश लागतो. तो मिळाला १६ मे १९६० रोजी, थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला तेव्हा. पुढच्या चारच वर्षांत, १९६४ साली, कोलंबिया विद्यापीठात येह आणि कमिन्स यांनी लेझरच्या डॉप्लर सरकण्यावरून प्रवाहाचा वेग मोजून दाखवला.

इथे पुन्हा पुणं येतं. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. पुढे चालवणारं कोणी नव्हतं. वीस इंची दुर्बीण आणि बाकीची यंत्रं कोडाइकनालच्या वेधशाळेकडे गेली. ती दुर्बीण तिथे 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाते. पुण्याचं नाव त्यातही नाही! कोडाइकनालला तेव्हा प्रमुख होते जॉन एव्हरशेड. हो, तेच, १८९८ ला तळणीच्या माळावर कॅमेरा लावून बसलेले. त्यांनी जानेवारी १९०९ मध्ये तिथे एक शोध लावला: सूर्यावरच्या डागांच्या कडेने वायू मधून बाहेर, सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगाने वाहत असतो. वायूच्या प्रवाहाचा वेग, तोही नुसत्या रेषांच्या सरकण्यावरून. लाखांत एक भाग सरकलेली रेषा, लेझर नसताना, फोटोच्या काचेवर! ज्याने असली मापं कधी घेतली आहेत, तो हे वाचून टोपी काढेल. याला आजही एव्हरशेड परिणाम म्हणतात.

कॉलेज ऑफ सायन्सचं नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. आपल्यापैकी अनेकांचं 'सीओईपी'. १९५८ साली तिथून चंद्रकुमार पटेल नावाचा एक वीस वर्षांचा मुलगा इंजिनिअर होऊन बाहेर पडला. जन्म बारामतीचा, १९३८ चा. स्टॅनफर्डला पीएच. डी. करून ते १९६१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले आणि दोनच वर्षांत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर तयार केला. पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत हा लेझर आज जगभर वापरला जातो. पुढे १९७० च्या दशकात त्यांनी बलूनमधून लेझर वर पाठवून स्थितांबरातल्या नायट्रिक ऑक्साइडचं अत्यल्प प्रमाण मोजलं. ओझोनच्या थराची चिंता तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. म्हणजे ज्या कॉलेजच्या वेधशाळेत प्रकाशावरून वायू ओळखण्याचा अभ्यास चालायचा, त्याच कॉलेजच्या विद्यार्थ्याने पुढे अर्ध्या शतकाने आकाशात जाऊन लेझरने वायू मोजला. त्यांना वेधशाळेची गोष्ट माहीत होती असा माझा दावा नाही, आणि ते 'आपले मराठी' आहेत असाही नाही. एकदा पोळलो आहे, आता ताकही फुंकून पितो. पण योगायोगाची ही ओळ खरी आहे आणि तारखांसकट आहे.

आता माझ्या लहानशा वाट्याबद्दल. आमच्या प्रयोगशाळेत एक लांब नळी होती. तिच्यात मधला पडदा फोडून वायूचा झोत सोडायचा. सगळा खेळ काही हजारांश सेकंदांचा. त्यात आरपार लेझरचा किरण टाकायचा. हा लेझर म्हणजे तुमच्या घरी इंटरनेट आणणाऱ्या फायबरमधल्या लेझरचा सख्खा भाऊ. टेलिफोन कंपन्यांसाठी बनले म्हणून ते स्वस्तात मिळू लागले. वायूतली पाण्याची वाफ त्या प्रकाशातला ठरावीक रंग शोषून घेते. दोन वेगवेगळ्या रेषा निवडायच्या. एखादा टॉवर कल्पना करा: थंड वायूत बहुतेक रेणू तळमजल्यावर राहतात, गरम झाला की वरच्या मजल्यांवर जातात. एक रेषा तळमजल्याची, दुसरी वरच्या मजल्याची. दोघींचं गुणोत्तर म्हणजे तापमान. आणि किरण तिरपा टाकला की रेषा किती सरकली यावरून वेग.

माझं काम होतं संगणकावर या खुणांमधून आकडे काढण्याचं. पहिल्याच मोठ्या प्रयोगात वेग असा आला की मी हरखून गेलो. रात्री जागून पोस्टर केलं. सरांनी ते पाहिलं, काही क्षण गप्प राहिले आणि एवढंच विचारलं, की नळीतल्या दाबावरून हाच वेग किती येतो? मी काढलाच नव्हता. काढला, तर माझा आकडा पस्तीस टक्के जास्त! किरणाचा कोन होता ४५ अंश. मी प्रोग्रॅमला ४५ दिले, पण तो अंश समजत नव्हता, रेडियन मागत होता. लेझर बिचारा बरोबर बोलत होता. मीच त्याचं म्हणणं चुकीचं लिहून घेतलं.

ते पोस्टर मी फाडून टाकलं. शिकलो ते असं की आकडा आवडता असेल, तर तो दुसऱ्या वाटेनेही काढून बघायचा. पुढे नोकरी, व्हिसा, कर्ज आणि मग दुबई, या ओघात प्रयोगशाळा सुटली. आता माझ्या आयुष्यात लेझर उरला तो प्रेझेंटेशनमधल्या लाल ठिपक्यापुरता. आणि ज्या माणसाने 'दुसऱ्या वाटेने काढून बघ' हे एवढ्या मोलाने विकत घेतलं होतं, त्याने प्रश्नमंजूषेत फॉरवर्डवरचं उत्तर तसंच उचलून दिलं. काकूंनी विचारलेला प्रश्न आणि सरांनी विचारलेला प्रश्न एकच होता.

२६ डिसेंबर २०१९ ची पहाट इथे अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी कंकणाकृती ग्रहण लिवाच्या वाळवंटातून दिसणार होतं. गुरुवार होता, मी रजा टाकली आणि आम्ही दोन-तीन कुटुंबं थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोहे घेऊन रात्रीच निघालो. वाळूच्या टेकड्यांमागून सूर्य उगवला तोच खाल्लेला, दोन शिंगांसारखा. साडेसातच्या पुढे त्याची बांगडी झाली. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने विचारलं, "बाबा, सूर्य किती गरम आहे हे कुणी जाऊन मोजलं?" मी तिला विजयदुर्गाची गोष्ट सांगितली. तीच, चुकीची. शाळेत तिने ती अभिमानाने सांगितलीसुद्धा.

पुढे ९ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमिरातीचं 'होप', अरबीत 'अल-अमल', यान मंगळाच्या कक्षेत पोचलं, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. त्या यानावर एक अवरक्त वर्णपटमापक आहे. मंगळाच्या विरळ हवेचं तापमान तो तिथे न उतरता, नुसत्या प्रकाशावरून वाचतो. जमखंडीला हर्शेलने जे यंत्र धरलं होतं, त्याचाच तो पणतू. आपण ज्या देशात पोट भरायला आलो, त्या देशाने ते मंगळापर्यंत नेलं.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला बसवून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सालांसकट. ती म्हणाली, "मग तेव्हा मी शाळेत चुकीचं सांगितलं?" म्हटलं, "हो. मी सांगितलं म्हणून." तिला राग आला, तो रास्तच होता. मग तिने विचारलं, की नायगमवालांची दुर्बीण अजून बघायला मिळते का. या सुट्टीत भारतात जाऊ तेव्हा आजोळी पुण्याला उतरून कोडाइकनालपर्यंत जायचं असं ठरतंय. विजयदुर्ग तर आहेच. तिथे लॉकयर खरोखरच उभे होते, फक्त तीस वर्षांनी.

राहता राहिले ते दहा गुण. विजेत्या संघाला मिळालेला मिक्सर आता परत मागता येणार नाही, आणि हरलेल्या संघाची मी इथे जाहीर माफी मागतो. पुढच्या गणेशोत्सवात मला पुन्हा उभं केलंत, तर प्रश्न असा असेल: "२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचे वेध जेऊरहून घेणारे पुण्याचे प्राध्यापक कोण?" उत्तर आता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गुण पाचच.